मधल्या पायऱ्या: जॉर्ज जेझुस, खालिद जमील आणि ठाणे जिल्ह्याचा फुटबॉल

६ नोव्हेंबर २०२३ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांच्यात आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. अल हिलालने तो २-० असा जिंकला. सामन्याआधी सगळी चर्चा नेमारभोवती फिरत होती. दुखापतीमुळे तो आलाच नाही. पण डोंबिवलीहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरूळ गाठणाऱ्यांपैकी ज्याला फुटबॉल समजून घ्यायचा होता, त्याने पाहुण्यांच्या डगआउटसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायला हवे होते. जॉर्ज जेझुस, वय ६९, एकेकाळचे पोर्तुगीज मिडफिल्डर. त्यांच्या संघाची तेव्हा सुरू असलेली घोडदौड पुढे सलग ३४ विजयांपर्यंत गेली आणि जागतिक विक्रम ठरली. नेरूळचा विजय त्यातलाच एक. मुंबईच्या बाजूला प्रशिक्षक होते इंग्लंडचे डेस बकिंगहॅम. त्यांच्याआधी स्पेनचे सर्जिओ लोबेरा, त्यांच्याआधी पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा, आणि बकिंगहॅम यांच्यानंतर चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की. २०१४ मध्ये स्थापन झाल्यापासून या क्लबने एकाही भारतीयाला मुख्य प्रशिक्षक म्हणून पूर्ण हंगाम दिला नव्हता. मैदानात मधल्या फळीत खेळणारा माणूस मोठा प्रशिक्षक कसा होतो, आणि आपल्याकडे तो का होत नाही, हा प्रश्न त्या एका सामन्यात समोरासमोर उभा होता. माझे म्हणणे असे की खेळाडूची गुणवत्ता, परवाना आणि पैसा या तिन्हींपेक्षा इथे निर्णायक ठरते ती लहान क्लबांची साखळी. नवा प्रशिक्षक वर्षानुवर्षे हरत, सावरत, पुन्हा काम मिळवत तिथेच शिकतो. पोर्तुगालकडे ती आहे. महाराष्ट्राने स्वतःची मोडून टाकली, आणि ठाणे जिल्ह्यात ती कधी उभीच राहिली नाही.

जेझुस यांची कारकीर्द या दृष्टीने वाचण्यासारखी आहे, कारण तिचा पहिला अर्धा भाग कोणालाही हेवा वाटावा असा नाही. १९५४ मध्ये लिस्बनला लागून असलेल्या अमाडोरा या उपनगरात त्यांचा जन्म झाला. स्पोर्टिंगच्या युवा संघातून ते वर आले, पण मोठ्या क्लबात पाय रोवता आले नाहीत. खेळाडू म्हणून उरलेली वर्षे बेलेनेन्सेस, व्हितोरिया सेतुबाल अशा मधल्या आणि त्याहून लहान क्लबांत गेली. नव्वदच्या सुमारास खेळणे थांबवून त्यांनी तेजो नदीपलीकडचा अमोरा हा खालच्या श्रेणीतला क्लब हाती घेतला. तिथून फेल्गेइरास. हा संघ त्यांनी १९९५ मध्ये पहिल्या श्रेणीत नेला आणि वर्षभरात तो पुन्हा खाली आला. मग एस्त्रेला दा अमाडोरा, व्हितोरिया सेतुबाल, गिमारायेस, मोरेइरेन्स, लेइरिया, बेलेनेन्सेस, ब्रागा. कुठे बढती, कुठे घसरण, कुठे हंगामाच्या मध्यात निरोप. बेनफिकासारखा मोठा क्लब त्यांच्या वाट्याला आला तो २००९ मध्ये, म्हणजे वयाच्या ५४ व्या वर्षी, जवळजवळ वीस वर्षांच्या उमेदवारीनंतर. पहिल्याच हंगामात बेनफिका विजेता झाला. ज्या वयात आपल्याकडे माणसाला निवृत्तीचे हिशेब मांडायला सांगतात, त्या वयात या माणसाची खरी कारकीर्द सुरू झाली. आणि ती सुरू होऊ शकली, कारण मधल्या वीस वर्षांत एका क्लबाने नारळ दिला की दुसरा कोणी तरी दार उघडत होता.

बेनफिकातली एक गोष्ट जरा जवळून पाहावी अशी आहे. मे २०१३ मध्ये त्यांच्या संघाने सोळा दिवसांत तीन करंडक घालवले. ११ मे रोजी पोर्तोच्या मैदानावर लीगमधली आघाडी टिकवायला बरोबरी पुरेशी होती. ९२ व्या मिनिटाला पोर्तोच्या केल्व्हिन नावाच्या बदली खेळाडूने गोल केला आणि जेझुस कडेलाच गुडघ्यांवर कोसळले. १५ मे रोजी अॅमस्टरडॅमला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीच्या इव्हानोविचने भरपाई वेळेत हेडर मारला. २६ मे रोजी पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात गिमारायेसने २-१ असे हरवले. चाहते खवळले होते, वर्तमानपत्रांनी त्यांची गच्छंती जवळपास जाहीर केली होती. क्लबने मात्र त्यांना ठेवले. पुढच्या हंगामात बेनफिकाने लीग, चषक आणि लीग चषक असे देशांतर्गत तिन्ही करंडक जिंकले. सहा वर्षांनंतर, २३ नोव्हेंबर २०१९ रोजी, लिमाला कोपा लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना होता. जेझुस यांचा फ्लामेंगो संघ रिव्हर प्लेटविरुद्ध १४ व्या मिनिटापासून मागे होता आणि ८९ व्या मिनिटापर्यंत मागेच राहिला. मग गॅब्रिएल बार्बोझाने तीन मिनिटांत दोन गोल केले. शेवटच्या मिनिटात करंडक कसा निसटतो हे ज्याने इतक्यांदा पाहिले होते, त्याचाच संघ शेवटच्या मिनिटापर्यंत धीर धरून खेळला. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एका माणसाच्या चरित्रातून नियम काढू नये. बरोबर आहे, म्हणून इतर पोर्तुगीज नावे पाहू. पाउलो बेन्तो बचावात्मक मिडफिल्डर होते. स्पोर्टिंगच्या युवा संघापासून सुरुवात करून ते पोर्तुगालचे आणि मग दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक झाले, आणि २०२२ च्या विश्वचषकात त्यांच्या कोरियाने पोर्तुगाललाच २-१ असे हरवून बाद फेरी गाठली. रुबेन अमोरिम यांची वाट झपाट्याची दिसते, पण त्यांचीही सुरुवात कासा पिया या तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबात झाली. पुरेसा परवाना नसताना संघाला सूचना देतात म्हणून तिथे त्यांच्यावर कारवाईही झाली. मग ब्रागाचा दुय्यम संघ, मग ब्रागाचा मुख्य संघ, आणि २०२० मध्ये स्पोर्टिंगने त्यांच्यासाठी ब्रागाला सुमारे एक कोटी युरो मोजले. वर्षभरात स्पोर्टिंगने १९ वर्षांनी लीग जिंकली. तिसऱ्या श्रेणीत चांगले काम केलेला तरुण प्रशिक्षक वरच्या क्लबांच्या नजरेत भरतो, कारण ती श्रेणी अस्तित्वात असते, तिचे सामने होतात आणि कोणीतरी ते पाहत असते.

दुसरा आक्षेप खेळातल्या जागेविषयी आहे. मिडफिल्डर चांगले प्रशिक्षक होतात ही समजूत जगभर आहे; अँचेलोट्टी, ग्वार्डिओला ही नावे लगेच पुढे केली जातात. मधल्या फळीतल्या खेळाडूला दोन्ही बाजूंचे मैदान दिसते आणि चेंडू येण्याआधी विचार करावा लागतो, हे खरे. तरी यावर मी फार भर देणार नाही. नेरूळला जेझुस यांच्यासमोर उभे असलेले बकिंगहॅम कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेच नव्हते, आणि २०२२-२३ मध्ये त्यांच्या मुंबईने इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीत अव्वल येऊन लीग शिल्ड जिंकली होती. जॉर्ज कोस्टा पोर्तोचे कणखर बचावपटू. २०१८-१९ मध्ये त्यांनी मुंबईला उपांत्य फेरीत नेले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, तेव्हा मुंबईतही अनेकांना हळहळ वाटली. मैदानावरची जागा थोडी मदत करत असेल, पण घडण होते ती नंतरच्या वर्षांत.

पोर्तुगालचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात गोवा येतो, आणि तिथला फुटबॉल पोर्तुगीजांनी दिला असे सहज गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात गोव्यात १८८३ मध्ये शिवोलीला फुटबॉल आणण्याचे श्रेय फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंना दिले जाते. पण गोव्याने एक गोष्ट पोर्तुगालसारखीच उभी केली: गावागावांचे क्लब, त्यांच्यावर साळगावकर, डेम्पो, सेसा, चर्चिल ब्रदर्स यांसारखे मोठे संघ, आणि या सगळ्यांना बांधणारी राज्याची लीग. तिचे फळ प्रशिक्षकांच्या रूपाने दिसले. आर्मांदो कुलासो यांनी डेम्पोला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. साळगावकरचे मिडफिल्डर साव्हियो मेदेइरा भारताचे प्रशिक्षक झाले आणि डिसेंबर २०११ मध्ये दिल्लीत अफगाणिस्तानला ४-० असे हरवून भारताने सॅफ स्पर्धा जिंकली. २०१२ नंतर मात्र तेरा वर्षे भारताच्या वरिष्ठ संघाला पूर्णवेळ भारतीय प्रशिक्षक मिळाला नाही. त्या काळात गोव्याची घडीही विस्कटली. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या धोरणाच्या निषेधार्थ आय-लीग सोडली.

त्याच डेम्पोचे मिडफिल्डर क्लिफर्ड मिरांडा यांचे पुढे काय झाले, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवाने लोबेरा यांना दूर केले आणि मिरांडा यांच्याकडे हंगामी सूत्रे दिली. लीगचे उरलेले तिन्ही सामने त्यांनी जिंकले, शेवटच्या सामन्यात जमशेदपूरला ५-० असे लोळवले, आणि गोव्याने लीग शिल्ड घेतली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात पोहोचणारा हा पहिला भारतीय क्लब. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने दोन सामने मिळून ६-५ असे हरवले, हेही नोंदवायला हवे. पुढच्या हंगामासाठी गोव्याने स्पेनच्या हुआन फेरान्डो यांना आणले आणि मिरांडा सहायक झाले. मार्च २०२३ मध्ये ओडिशाने त्यांना हंगामी प्रशिक्षक केले. २५ एप्रिलला कोझिकोडला त्यांनी बेंगळुरूला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला, चारच दिवसांनी गोकुलम केरळाला ३-१ असे नमवून आशियाई स्पर्धेची जागाही मिळवली. पुढच्या हंगामासाठी ओडिशाने प्रशिक्षक नेमले, पुन्हा लोबेरा. लोबेरा उत्तम प्रशिक्षक आहेत यात शंका नाही. २०२०-२१ मध्ये त्यांनी मुंबईला शिल्ड आणि करंडक दोन्ही मिळवून दिले. प्रश्न वेगळा आहे. दोनदा काम फत्ते करणाऱ्या माणसाला दोन्ही वेळा पुढचा हंगाम मिळाला नाही. लिमा तर राहू द्या, त्यांना स्वतःचा २०१३ सुद्धा मिळाला नाही, म्हणजे हरूनही टिकून राहण्याची संधी.

महाराष्ट्रात जेझुस यांच्या वाटेच्या सर्वांत जवळ जाणारी कारकीर्द खालिद जमील यांची आहे. १९७७ मध्ये कुवेतमध्ये जन्म, आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात आले, आणि मुंबईत त्यांचा फुटबॉल घडला तो एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेड या संघांत मिडफिल्डर म्हणून. भारताकडूनही ते खेळले. दुखापतींनी खेळ आवरता घ्यावा लागला तेव्हा ते मुंबई एफसीत होते, आणि २००९ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, याच क्लबने त्यांना प्रशिक्षक केले. या संघाकडे पैसा कमी आणि नामांकित खेळाडू मोजके. मुंबईच्या कुपरेज मैदानाचे काम चालू होते तेव्हा काही हंगाम घरचे सामनेसुद्धा पुण्याला बालेवाडीत खेळावे लागले. तरी सात हंगाम जमील यांनी तो आय-लीगमध्ये टिकवला. या काळाकडे आपल्या क्रीडापत्रकारितेने फारसे लक्ष दिले नाही, कारण तळाशी राहून टिकण्याला बातमीत जागा नसते. पण मला तोच त्यांच्या कारकिर्दीचा गाभा वाटतो. कमी साधनांत बचाव कसा बांधायचा, सेट पीसवर गोल कसा काढायचा, हरलेल्या ड्रेसिंग रूमला आठवडाभरात उभे कसे करायचे, हे सगळे तिथे शिकता आले. भारतात एकाच क्लबात सात वर्षे सलग चुका करण्याची आणि सुधारण्याची मुभा फार थोड्या प्रशिक्षकांना मिळाली असेल.

२०१६ मध्ये मुंबई एफसीने त्यांना सोडले आणि ते मिझोरमच्या ऐझॉलला गेले. हा क्लब आदल्या हंगामात खाली घसरला होता आणि गोव्याचे संघ निघून गेल्यामुळेच त्याला परत घेतले गेले होते. जमील यांनी मुंबईत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता सोबत नेले, बाकी भर स्थानिक मिझो मुलांवर ठेवला. २२ एप्रिल २०१७ रोजी त्यांनी मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिलला शिलाँगला लाजाँगविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. नवव्या मिनिटालाच लाजाँगने गोल केला आणि जवळजवळ तासभर विजेतेपद हातातून जात होते. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि ऐझॉल ३७ गुणांवर, मोहन बागानच्या एका गुणाने पुढे, भारताचा विजेता झाला. ईशान्येतला पहिला. त्याच हंगामात, जमील यांच्याविना, मुंबई एफसी खालच्या श्रेणीत घसरला आणि त्यानंतर बंद पडला. प्रशिक्षकाने काय फरक पडतो असे विचारणाऱ्यांसाठी याहून सरळ पुरावा शोधावा लागणार नाही.

पुढची वाट चढ-उतारांची आहे. कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान. तिथे फार काही साधले नाही. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला काढून त्यांना हंगामी नेमले आणि लीगचे उरलेले सामने न हरता त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. आयएसएलमध्ये हे करणारे ते पहिले भारतीय. पूर्ण पद मिळाले त्या हंगामात मात्र संघ दहावा आला. मग जमशेदपूर: २०२४-२५ मध्ये पाचवे स्थान, उपांत्य फेरीत धडक, सुपर कपचा अंतिम सामना. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले, वयाच्या ४८ व्या वर्षी. ताजिकिस्तानात झालेल्या स्पर्धेत त्यांनी यजमानांना २-१ असे हरवले आणि ओमानला पेनल्टीवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले.

इथेच सर्वांत जड आक्षेप येतो: देशी प्रशिक्षकाला संधी दिली, आणि निकाल हा असा. शिवाय त्यांचा खेळ बचावाचा, लांब चेंडूंचा, डोळ्यांना न सुखावणारा आहे. दुसरी तक्रार मला मान्य आहे. ज्याने सात वर्षे घसरणीपासून वाचण्याचे काम केले, त्याच्या हाताला तेच वळण लागणार. जेझुस यांना बेनफिकाने चेंडू स्वतःकडे ठेवू शकणारे खेळाडू दिले, तेव्हा त्यांचा संघ आक्रमक झाला. पहिल्या तक्रारीबाबत मात्र आधीचा हिशेबही मांडायला हवा. इगोर स्टिमाच यांच्या भारताला मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ असे हरवले. मानोलो मार्केझ यांच्या आठ सामन्यांत एकच विजय होता, तोही मालदीववर, आणि हाँगकाँगकडून हरल्यावर ते गेले. तीन प्रशिक्षक, तीन देश, निकाल जवळपास सारखे. दुखणे पदाच्या खाली कुठेतरी आहे, आणि पदावरचा माणूस बदलून ते बरे होणार नाही. आयएसएलचा प्रत्येक करंडक २०२४-२५ पर्यंत परदेशी प्रशिक्षकाने जिंकला, हे खरेच आहे; पण तिथे भारतीय मुख्य प्रशिक्षकांना मिळालेले पूर्ण हंगाम एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. जिथे संधी होती त्या जुन्या राष्ट्रीय लीगमध्ये आणि आय-लीगमध्ये कुलासो, डेरिक परेरा, जमील यांनी विजेतेपदे आणली.

यातले परेरा यांचे विजेतेपद आपल्याच घरचे. २००५-०६ मध्ये त्यांच्या महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० मध्ये महिंद्रने संघच गुंडाळला. पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला आणि दशक पूर्ण होण्याआधी संपला. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला, पुण्याचा डीएसके शिवाजीयन्सही त्याच सुमारास. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये हैदराबादला हलवला गेला. उरला मुंबई सिटी. त्यातूनही डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला, आणि फेडरेशनचा व्यावसायिक करार संपत असल्याने आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरूसुद्धा झाला नाही. दहाएक वर्षांत एका राज्याने पाच वरिष्ठ संघ घालवले, तर त्या प्रत्येकाबरोबर मुख्य प्रशिक्षक, सहायक, युवा संघाचे प्रशिक्षक, गोलकीपिंग प्रशिक्षक अशी सगळी पदेही जातात. जमील यांना मुंबईत २००९ मध्ये मिळालेली नोकरी आज तिशीतल्या कोणत्याही मराठी मिडफिल्डरला मिळू शकत नाही, कारण ती नोकरीच अस्तित्वात नाही.

आता ठाणे जिल्ह्याकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत, पालघर वेगळा होण्याआधी, या जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती. त्याच वर्षी पोर्तुगालची होती १ कोटी ५ लाख. एवढ्या मोठ्या लोकवस्तीत फुटबॉलचे वरचे टोक आहे: नेरूळचे स्टेडियम, जिथे २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन-माली उपांत्य सामना झाला आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. खालचे टोकही आहे: घणसोलीची रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी, ठाण्यापासून बदलापूरपर्यंत उगवलेली टर्फ, आणि शाळांच्या आंतरशालेय स्पर्धा. घणसोलीत आराता इझुमी यांनी मुलांना शिकवले. महिंद्र आणि पुण्याच्या मधल्या फळीत खेळलेला, भारतीय नागरिकत्व घेऊन भारताकडून उतरलेला हा मिडफिल्डर. म्हणजे प्रशिक्षक होण्याची इच्छा आणि लायकी असलेली माणसे इथे आहेत. मधले काहीच नाही. कल्याण-डोंबिवलीतला अठरा वर्षांचा चांगला खेळाडू वरच्या दर्जाचा साखळी फुटबॉल खेळायला लोकलने कुपरेज किंवा वांद्र्याला जातो, आणि प्रशिक्षक व्हायचे ठरवले तर तासावर भाड्याने दिलेल्या टर्फवर लहान मुलांचे वर्ग घेतो. त्या वर्गांना गुणतालिका नसते, घसरण नसते, मोसमाचा शेवट नसतो, त्यामुळे त्याच्या कामाची परीक्षाही कधी होत नाही.

कोणी म्हणेल की उपनगरात क्लब टिकणार कसा, लोक दमून-भागून घरी येतात ते झोपायला. त्यासाठी जेझुस यांचे अमाडोरा पाहावे. सिंत्राच्या लोकल मार्गावरचे, लिस्बनला कामाला जाणाऱ्यांचे हे दाट वस्तीचे गाव. लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास, तर कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०११ मध्येच १२ लाखांहून अधिक लोक होते. तिथल्या रेबोलेइरा भागातल्या साध्याशा मैदानावर खेळणाऱ्या एस्त्रेलाने १९९० मध्ये पोर्तुगालचा चषक जिंकला. जेझुस यांनी हा संघ दोनदा सांभाळला. २०११ मध्ये तो कर्जापायी बंद पडला. पण खाली जिल्ह्याच्या लीगा चालू होत्या, म्हणून त्याच नावाचा नवा क्लब तळातून सुरू करता आला आणि २०२३ मध्ये तो पुन्हा पहिल्या श्रेणीत पोहोचला. महिंद्र किंवा मुंबई एफसीला असे परतता आले नाही, कारण परतण्यासाठी लागणारी खालची श्रेणी आपल्याकडे नाममात्र होती.

यावर मिळणारे उत्तर नेहमी जागेचे आणि पैशाचे असते. जागा अपुरी आहे हे खरे, पण डोंबिवलीचे सावळाराम महाराज क्रीडा संकुल, कल्याणची फडके आणि सुभाष मैदाने ही सार्वजनिक मालकीची आहेत, आणि त्यांच्या वर्षभराच्या वेळापत्रकात सभा, महोत्सव, प्रदर्शने, क्रिकेट यांच्यासाठी तारखा निघतात. ऑक्टोबर ते मार्च दर रविवारी दोन सामन्यांची हमी एवढी तरतूद झाली, तर दहा-बारा क्लबांची शहर-साखळी उभी राहू शकते. तिच्यात भाग घेण्याची अट एकच असावी: प्रत्येक क्लबाचा परवानाधारक प्रशिक्षक, पूर्ण हंगामासाठी नेमलेला, मध्यात न काढता येणारा. पैशाचे म्हणाल तर अशा साखळीला नेमार लागत नाही आणि प्रक्षेपणही लागत नाही. लागतात पंच, पांढरी फक्की, रुग्णवाहिका आणि दर आठवड्याला वेळेवर लागणारी गुणतालिका. ठाण्याची, नवी मुंबईची, भिवंडीची अशीच साखळी झाली की जिल्ह्याची दुसरी श्रेणी आपोआप तयार होते, आणि तिचा विजेता राज्याच्या स्पर्धेत जातो. यातले काहीही पोर्तुगालहून आणावे लागणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये जेझुस पुन्हा आले, या वेळी अल नासर घेऊन मडगावला. एफसी गोवा १-२ असा हरला, पण गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिसचा होता, त्याच मातीतल्या मुलाचा. गोवेकर प्रशिक्षक मात्र त्या रात्रीही यजमानांच्या डगआउटमध्ये प्रमुख म्हणून नव्हता; तिथे मार्केझ होते.